काळ्या वाळूचा तळ

“ती वरच होती, बोटीत,” अजिनाथ म्हणाला आणि लगेच दुसऱ्या पाहुण्याकडे वळला.

माधुरीच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. ते हललं नाही, काही सांडलं नाही, कुणाच्या लक्षातही काही आलं नाही. प्रश्न खरं तर तिला होता. तिचा धाकटा दीर रामहरी शेवगावजवळच्या गावाहून आईला घेऊन सकाळीच आला होता. सावेडीतल्या दातांच्या दवाखान्याचं नवं रूप बघत फिरताना तो भिंतीवरच्या भल्यामोठ्या फोटोपाशी थबकला, आणि टोपी मागं सारत म्हणाला, “वयनी, तुमी बी गेल्त्या का वो इतक्या खाली?” ती ‘हो’ म्हणणार तेवढ्यात अजिनाथनं तिच्या खांद्यावरून, तिच्याकडे न बघता, ते वाक्य टाकलं. रामहरी हसला. “बरं केलं. बाईमानसाचं काम न्हाई ते,” म्हणत त्यानं पेढा उचलला. माधुरीनं उघडलेलं तोंड मिटलं. पाहुण्यांसमोर एखाद्यानं आपल्याला खुर्चीवरून उठवावं आणि तिथं स्वतःची बॅग ठेवावी, तसं काहीतरी झालं होतं. आणि सगळ्यांना वाटत होतं की ती खुर्ची बॅगेचीच आहे.

फोटोत काळ्या वाळूवरून एक ऑक्टोपस पळत होता. अर्धी करवंटी पोटाशी कवटाळून, आठातल्या दोनच पायांवर, पदर खोचून निघालेल्या बाईसारखा. प्रत्यक्षात तो मुठीएवढा होता, भिंतीवर माणसाएवढा झाला होता. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘जगण्याची धाव’, आणि त्याखाली अजिनाथचं नाव, डॉक्टरकीच्या पदव्यांसकट. त्या फोटोला कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, पेपरात आला होता, आणि दवाखान्याचं नूतनीकरण काढलं तेव्हा सगळ्यात आधी ठरली ती ही भिंत. आता अजिनाथ भिंतीसमोर उभा राहून येईल त्याला सांगत होता. “बाकीचे लोक प्रवाळ बघायला जातात, कासव, रंगीत मासे. आम्ही गाळात जातो. मक डायव्हिंग म्हणतात त्याला. वरवर बघाल तर उकिरडा. बाटल्या, टायरी, तुटक्या चपला. पण त्यातच ही अशी मंडळी राहतात. बघायला नजर लागते.” माधुरी ताट घेऊन फिरत होती आणि ते ‘आम्ही’ ऐकत होती. वर्षभरापूर्वीपर्यंत त्या ‘आम्ही’त दोघं होती. आता ते नुसतं आदरार्थी झालं होतं.

बघायला नजर लागते, हे वाक्य तिचं होतं. तसं ते कुणाचंही असू शकतं, पण ते ती म्हणाली होती, इंडोनेशियातल्या मनाडोच्या विमानतळावर, परतताना, अजिनाथ तिच्याशी बोलत नव्हता तेव्हा, शेजारी बसलेल्या पुण्याच्या एका बाईला. म्हणजे त्यानं ते ऐकलं होतं. न बोलता ऐकून ठेवलं होतं आणि आता वापरत होता. हिरव्या साडीतल्या कुणीतरी विचारलं, “पण भीती नाही वाटत?” अजिनाथनं खांदे उडवले. त्याचे दात फार छान होते, नेहमीच होते. हसला की समोरच्याला आपल्या तोंडाची लाज वाटावी इतके. ह्या हसण्याकडे बघून तिनं मुलाला होकार दिला होता. आज त्याच हसण्याकडे बघताना तिला वाटलं, हा माणूस जबडा कितीही उघडो, आत काहीच दिसत नाही, दातच दिसतात. एवढा राग आपल्याला येतो आहे हे कळून ती जराशी चपापली आणि ताट ठेवायला आतल्या खोलीत गेली.

ती काष्टी गावची. विहिरीत पाठीला भोपळा बांधून वडिलांनी तिला ढकललं होतं, आणि एका उन्हाळ्यात भोपळा सुटला तरी ती तरंगत राहिली होती. पुढं शिक्षण, नगरच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राची नोकरी, लग्न, सृष्टीचा जन्म, सृष्टीचं पुण्याला शिकायला जाणं. ह्या सगळ्यात आपल्याला पोहता येतं हे सांगायची वेळच कधी आली नव्हती. अजिनाथ चाळिशीत एका मित्राच्या नादानं मालवणला बुडी मारून आला आणि झपाटला. मग पुण्याच्या तलावात रीतसर शिक्षण. एकट्याला नाव नोंदवायचा कंटाळा म्हणून त्यानं तिलाही ओढलं. ती काठावर बसेल, टॉवेल धरेल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असावं. तिसऱ्या दिवशी शिकवणारा पोरगेला माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, “मॅडमचा श्वास बघा. घाई नाही, धसका नाही. डॉक्टर, तुम्ही असा श्वास घ्या.” अजिनाथ हसला होता. परतीच्या वाटेवर शिरूरपर्यंत त्यानं रेडिओ बंद केला नाही. तेव्हा तिला ते कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि तिनं ते नेहमीसारखं घडी करून कपाटात ठेवून दिलं होतं. तिच्या संसारात अशा घड्या पुष्कळ होत्या.

आणि मग ते बेट, ती अरुंद खाडी, आणि तो तळ. पहिल्या बुडीत तिला वाटलं होतं, आपल्याला फसवलं. खाली काहीच नव्हतं. काळी, राखेसारखी वाळू उताराला लागून खोल जात होती, मध्ये एखादी बाटली, एखादं दोरखंड. मग त्यांचा वाटाड्या नोल्डी, तिथलाच एक मितभाषी माणूस, एका नारळाच्या काथ्याच्या गुंड्यापाशी थांबला आणि त्यानं बोट दाखवलं. गुंड्यानं डोळा फिरवला. तो मासा होता. त्यानंतर तिला तळ वाचता येऊ लागला. वाळलेल्या गवताची काडी म्हणजे डोकं खाली करून तरंगणारा मासा, दिव्याच्या वातीएवढी निळी गोगलगाय, बाटलीच्या तोंडातून बाहेर बघणारा पिवळा जीव, बोटाच्या नखावर मावेल असा झिंगा. कॉलेजात ती वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनच्या बरण्या दाखवून ऑक्टोपस शिकवत आली होती. पांढरा पडलेला, उकडलेल्या बटाट्यासारखा. इथं तोच क्षणात तपकिरी, क्षणात जांभळा होत होता. तिथं कुणीही दिसायला सुंदर नव्हतं आणि कुणालाही त्याची पर्वा नव्हती. तिला त्या उकिरड्यात जितकं मोकळं वाटलं तितकं सावेडीतल्या स्वतःच्या घरात, फरशी पुसून झाल्यावरच्या दुपारीसुद्धा वाटलं नव्हतं. ती श्वास घेत होती, सोडत होती, आणि कुणी तिला हाक मारू शकत नव्हतं.

अजिनाथला बघायचं नव्हतं, मिळवायचं होतं. त्याच्याकडे वाळूत टेकवायला एक पोलादी कांडी होती, ती तो काटक्या हलवायला, बाटल्या उलट्या करायला वापरायचा. जीव घाबरला की रंग बदलतो, पंख पसरतो. फोटो चांगला येतो. नोल्डी दोनदा बोट हलवून नको म्हणाला, मग पाहुण्यांशी वाद नको म्हणून दुसरीकडे बघू लागला. तो फोटो निघाला त्या दिवशी करवंटीतला ऑक्टोपस मादी होती. करवंटी झाकून आत बसली होती आणि तिच्या आड तांदळाच्या कण्यांसारखी अंडी लोंबत होती. माधुरीनं अजिनाथच्या दंडाला हात लावला, आतलं दाखवलं, नको म्हणून मान हलवली. त्यानं दंड झटकला. कांडी आत घातली. एकदा, पुन्हा एकदा, आणि मग ढवळल्यासारखी. मादी आधी पांढरी पडली, मग काळी, मग अर्धी करवंटी ओढून पळाली, आणि फ्लॅश लखलखले. ‘जगण्याची धाव’. अंड्यांची माळ तुटून वाळूवर लोळत होती आणि कुठून कुठून बारके मासे गोळा होऊन ती टिपत होते. माधुरी ते बघत राहिली. तिला तेव्हा राग आला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. ती कांडी तिला ओळखीची वाटली, इतकंच. असंच तो सृष्टीच्या मार्कांवरून विचारायचा. असंच तिच्या माहेरच्या माणसांबद्दल विचारायचा, गोड आवाजात, समोरचा रंग बदलेपर्यंत.

तेवढ्यात मागून तिच्या तोंडातली नळी ओढली गेली. इतक्या जोरानं की हिरडीला लागलं. मास्कमधून तिला त्याचे डोळे दिसले, डोळे नव्हतेच ते, नुसते पांढरे. फोटोच्या नादात त्याची हवा संपली होती. तसं झालं तर काय करायचं हे तलावात दहादा शिकवलं होतं. गळ्यावरून हात फिरवून खूण करायची, जोडीदाराच्या छातीवरची पिवळी जादा नळी घ्यायची. त्यानं खूण केली नाही, पिवळ्या नळीकडे बघितलं नाही. तिच्या तोंडातली काढून स्वतःच्या तोंडात कोंबली. तिनं चाचपून पिवळी नळी तोंडात घेतली, पाणी फुंकून टाकलं, श्वास घेतला. मग त्याचा पट्टा धरला, कारण तो सुटला असता तर बाणासारखा वर गेला असता आणि फुप्फुसं फाटली असती. तो लाथा मारत होता. ती धरून राहिली. हळूहळू, स्वतःच्या बुडबुड्यांच्या मागं मागं, मध्ये पाच मीटरवर नियमाप्रमाणे मिनिटं मोजत थांबून, त्याला घट्ट धरून, ती त्याला वर घेऊन आली. नोल्डी बाजूनं चालला होता, पण हात लावायची गरज त्याला पडली नाही. बोटीत चढल्यावर अजिनाथला ओकारी झाली. तोंड पुसून तो पहिलं बोलला ते कॅमेऱ्याबद्दल. कॅमेरा त्याच्या कमरेला लटकत होता. मग, नोल्डी पुढं गेल्यावर, खालच्या आवाजात म्हणाला, “घरी कुणाला बोलायचं नाही.” ती म्हणाली, “बरं.” त्याच्यानंतर परतेपर्यंत तो तिच्याशी बोलला नाही, आणि नगरला आल्यावर महिन्याभरात तिचा पोशाख, तिचे पायातले पंख, सगळं कुण्या मित्राच्या मुलाला देऊन टाकलं. जागा अडते म्हणाला.

जेवणं दवाखान्याच्या गच्चीवर होती. पंगत उठत आली तशी माधुरी खाली आली. वेटिंग रूममध्ये सासूबाई एकट्याच नव्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. छबूबाईंना आणखी जिने चढवत नव्हते म्हणून त्यांचं ताट खालीच आणून दिलं होतं. त्या समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होत्या.

“माधुरे, कसलं जनावर गं हे?”

“ऑक्टोपस म्हणतात, आई. मादी आहे.”

“आन पळतीय कशापायी?”

माधुरी त्यांच्या शेजारी बसली. तिनं ठरवलं नव्हतं, पण एकदा सुरू झाल्यावर मध्ये थांबताही आलं नाही. कांडी सांगितली, अंडी सांगितली, संपलेली हवा सांगितली, नळी हिसकावली ते सांगितलं. छबूबाई भाताचा घास कालवत ऐकत होत्या. त्यांनी एकदाही ‘काय सांगती’ म्हटलं नाही. ते ऐकून त्यांना काही नवल वाटलं नाही हे तिला दिसत होतं, आणि त्यामुळं तिला आतून बळ येत होतं. कुणीतरी विश्वास ठेवत होतं.

“म्हंजी तू न्हाई दिली, त्यानंच वढून घेतली,” छबूबाई म्हणाल्या.

“हो.”

“लहानपनी बी आसाच हुता. दुसऱ्याच्या ताटातलं.”  मग ताट बाजूला सारून, ओल्या बोटांनी तिचं मनगट धरून म्हणाल्या, “पर आता हे कुनापशी काढू नगं. रामहरीपशी तर न्हाईच. गावात त्याचं नाव हाय. तुजं काय, तुला कोन वळखतं?”

माधुरीनं मनगट सोडवून घेतलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर दुष्टावा नव्हता. घरातलं जनावर गोठ्यात बांधावं इतक्या सहज तिनं ते सांगितलं होतं. खरं काय ते तिला ठाऊक होतं आणि त्यानं काहीच बदलत नव्हतं. माधुरीला वाटलं, खोटं मानलं असतं तर बरं झालं असतं. खोटं मानणाऱ्याशी भांडता येतं. इथं भांडायला जागाच नव्हती. तिनं भिंतीकडे बघितलं. वरून पाहुण्यांच्या चपला वाजत होत्या, कुणीतरी डॉक्टरांचा जयजयकार केल्यासारखं हसत होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाहुणे पांगले. रामहरी गाडी काढायला खाली गेला. छबूबाई आतल्या बाथरूममध्ये गेल्या होत्या. अजिनाथनं वेटिंग रूमचं दार लोटलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “मघाशी बराच वेळ बसला होतात दोघी. आईला काय सांगितलंस?”

“जे झालं ते.”

“काय झालं?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला जे माहीत आहे ते सांगितलंस का?” तो हसत नव्हता. चेहरा लाल झाला होता आणि ओठ दातांवर घट्ट बसले होते. “मला वर जायचं होतं. तू मला धरून ठेवलंस. मी मरत होतो आणि तू मला खाली धरून ठेवलं होतंस, माधुरी. किती वेळ! पाच मीटरवर आल्यावरही सोडलं नाहीस.”

“थांबावंच लागतं. शिकवलं होतं आपल्याला.”

“शिकवलं होतं!” तो जवळ आला. “तुझे डोळे मी बघितले ना. मास्कमधून. तू हसत होतीस.”

तिला हे अपेक्षित नव्हतं. वर्षभर ती समजत होती की त्याला लाज वाटते. बायकोनं वाचवलं म्हणून तो गप्प आहे, त्या गप्पपणाचंच हे खोटं झालं आहे. पण तो लाजत नव्हता. तो वर्षभर तिच्यावर आरोप ठेवून जगत होता. रात्री शेजारी झोपताना, तिच्या हातचा चहा घेताना, तिचा पोशाख देऊन टाकताना, त्याच्या मनात हे होतं की ह्या बाईनं आपल्याला खाली धरून ठेवलं आणि ती हसत होती. खोटं आहे, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ती थांबली. तिला तो हिरवट उजेड आठवला. पट्ट्यात अडकवलेली आपली बोटं आठवली. तो लाथा मारायचा थांबला होता तो क्षण आठवला. एका जागी, वर नाही खाली नाही, त्याचं सगळं वजन तिच्या हातात होतं आणि तो तिच्याकडे बघत होता, ती काय करते, कधी खूण करते, कधी सोडते. ती घड्याळाकडे बघत होती. मान्य, नियमच होता तो. पण घड्याळात वेळ झाल्यावरसुद्धा तिनं लगेच खूण केली नव्हती. चार-दोन श्वास. कुणाचं काही बिघडलं नसतं असे चार-दोन श्वास, आणि ते तिनं सावकाश घेतले होते.

“हसत नव्हते,” ती म्हणाली. “पण बरं वाटलं होतं मला. तू पहिल्यांदा माझं ऐकत होतास.”

लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी एकेरीत हाक मारली नव्हती. ‘तू’ दोघांच्याही कानांवर आदळलं. अजिनाथचा हात मागं दाराची कडी शोधू लागला. तिनं ते बघितलं. त्याला वाटलं असावं की आपण चिडलो आहोत, म्हणून त्यानं भुवया आवळल्या होत्या, पण हात कडी शोधत होता, आणि सापडत नव्हती. दार बाहेरून उघडलं. रामहरी गाडीची किल्ली फिरवत उभा होता, मागून छबूबाई ओले हात पदराला पुसत येत होत्या.

“निघू का दादा? वाटंत घोडेगावाला आज बाजार हाय, गर्दी लागंल.”

“रामहरीभाऊजी,” माधुरी म्हणाली. तिचा आवाज वर्गात असतो तसा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. “सकाळी तुम्ही विचारलं ना. मी खाली होते. ह्यांची हवा संपली होती, मी ह्यांना वर आणलं.”

रामहरीनं भावाकडे बघितलं. अजिनाथ भिंतीकडे बघत होता.  छबूबाईंनी रामहरीच्या पाठीला हात लावला, “चल रं, उन्हं उतरली,” म्हणाल्या, आणि जाताना माधुरीकडे त्यांनी असं बघितलं की तिच्याशी त्यांचं बोलणं आता संपलं, ह्या घरात आल्या तरी संपलं. रामहरी जिन्याच्या वळणावर घुटमळला. टोपी काढून पुन्हा घातली. “येतो वयनी,” इतकंच म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत ती एकटी त्या बेटावर जाऊन, त्या काळ्या तळाशी बुडी मारून आली. तिकीट काढल्याचं तिनं जेवताना सांगितलं. अजिनाथ ताटाकडे बघत “जा” म्हणाला. घर पूर्वीसारखंच चालू होतं. दूध येत होतं, सृष्टीचे फोन येत होते, पाहुण्यांसमोर तो ‘आमची मॅडम’ म्हणून तिचं कौतुकही करायचा. पण एक गोष्ट बदलली होती आणि ती फक्त दोघांना माहीत होती. ती खोलीत आली की तिच्याकडे पाठ राहू नये म्हणून तो वळायचा. बेसिनपाशी दाढी करत असो, कपाटात काही शोधत असो, ती दारात दिसली की तो हातातलं काम थांबवून भिंतीला टेकायचा आणि ती जाईपर्यंत तसाच उभा राहायचा. सुरुवातीला ती त्याला जागा द्यायला घाईनं बाहेर पडायची. नंतर तिनं ती घाई सोडून दिली. खोलीतलं आपलं काम ती सावकाश उरकू लागली.